लाव्हा कुठंय?

हवाई बेटावरच्या किलाउएआ इकी या ज्वालामुखी विवराची वाट आधी झाडनेच्यांच्या आणि ओहियाच्या ओल्या जंगलातून उतरते, मग थेट विवराच्या काळ्या तळावर. १९५९ साली इथे लाव्ह्याचं कारंजं सुमारे ५८० मीटर उसळलं होतं. साचलेलं तळं पुरतं थिजायला काही दशकं लागली. पर्यटकांचा अभिप्राय मात्र ठरलेला : लाव्हा दिसला नाही, सावली नाही, परतीचा चढ फार. भेगांतून वाफ येते, पण तीही म्हणे मुरलेल्या पावसाच्या पाण्याची! म्हणजे फसवणूकच. भरपाई म्हणून काहीजण राष्ट्रीय उद्यानाची बंदी मोडून खिशात दगड घालतात. पुढे घरी नोकरी गेली, गाडी ठोकली, की ज्वालामुखीच्या पेलेदेवीचा कोप आठवतो आणि दगड टपालाने उद्यानात परत, माफीच्या चिठ्ठीसकट. नाहीतरी चपला झिजवून नवस फेडायचे दिवस गेलेच.