मामा तलावाचे भाचे

आमच्या भंडारा जिल्ह्यात तलावाला मामा म्हणतात. बाहेरगावचा पाहुणा हे ऐकून गहिवरतो. पाण्याशी केवढं हे नातं, थेट आईच्या भावाचं! त्याचा समज मोडणं माझ्या जिवावर येतं. खरी गोष्ट अशी, की ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, आणि एवढं लांबलचक नाव रकान्यात मावेना म्हणून कुणा कारकुनानं दोन आद्याक्षरं उचलली असावीत. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की आपल्या टाकातून शाईऐवजी माया सांडते आहे!

मामा तसे फार जुने. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजांच्या काळात उताराला आडवी मातीची पाळ घालून ते बांधले. त्यातला सगळ्यात देखणा नवेगावबांध कोलू पाटील कोहळीनं बांधल्याचं सांगतात. १ मे १९९९ला तो जागचा न हलता भंडारा सोडून गोंदिया जिल्ह्यात गेला. जे राहिले त्यांचीही वाटणी आहेच. शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारा मामा जिल्हा परिषदेचा, त्याहून मोठा पाटबंधारे खात्याचा. एकत्र कुटुंबात म्हाताऱ्याचं जेवण थोरल्याकडे आणि औषध धाकट्याकडे असावं, तशातलं हे. मामा दोघांकडेही सारखाच गप्प असतो, आणि उन्हाळ्यात दोघांकडेही सारखाच आटतो.

पण खरी गंमत पाणी पाळीतून बाहेर पडल्यावर सुरू होते. नहर काही प्रत्येकाच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या वाफ्यापर्यंत, पोचत नाही. वरची बांधी भरली, की धुऱ्याच्या, म्हणजे मधल्या बांधाच्या, तोंडातून पाणी खालच्या बांधीत उतरतं, तिथून तिच्या खालच्या. त्यामुळे धानाचं पीक कुणा एकट्याचं नसतंच; माझ्या लोंबीत शेजाऱ्याच्या भलेपणाचे दोन दाणे असतात. हा भलेपणा सरकारनं लिहूनही ठेवला आहे. विदर्भातल्या गावांसाठी निस्तार पत्रक असतं, त्यात गावच्या सरकारी पडीवर गुरं कुठे चरतील, सरपण कुठून येईल ते सापडतं. आणि दुसरा कागद वाजिब-उल-अर्ज. नाव ऐकून वाटावं, आता कुणी शायर खाकरून गझल सुरू करणार. शब्दशः अर्थही तसाच नाजूक: मांडण्याजोगी गोष्ट. प्रत्यक्षात त्यात खाजगी जमिनीतून कुणाचं पाणी जातं, कुणाची वाट, मासे कुणी धरायचे, याची रूढी नोंदलेली. एकानं दुसऱ्याला किती सोसायचं याचं इतकं कोरडं आणि इतकं प्रेमळ वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

१८८२चा सुविधाधिकाराचा कायदा तर सांगतो, की दुसऱ्याच्या जागेतून वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता, हक्कानं वहिवाट केली, की ती पक्की होते. जागा सरकारची असेल तर तीस वर्षं. आमच्या घरच्या मांजरीनं चुलीजवळची जागा याच कलमाखाली मिळवली होती. तिला मात्र वीस वर्षं लागली नाहीत.

हे सगळं शहाणपण मला नंतर आलं. एका वर्षी रोवणीच्या ऐन दिवसांत पावसानं दडी मारली होती, तलावाचं पाणी सुटलं होतं, आणि मी नागपूरहून चार दिवसांची रजा काढून शेतकरी व्हायला आलो होतो. माझ्या बांधीतलं पाणी खाली उतरताना पाहून पोटात कालवलं. मी फावडं घेतलं आणि धुऱ्याचं तोंड बुजवलं. खालच्या बांधीचे म्हातारे आले. गावनात्यानं त्यांनाही आम्ही मामाजीच म्हणतो. मी त्यांच्यापुढे सातबारा धरला, यात पाण्याचा कुठे उल्लेख आहे, दाखवा म्हटलं. त्यांनी चष्म्याशिवायच कागद न्याहाळला. म्हणाले, “यात पानी नाई राहत जी. कागद भिजते ना.”

प्रकरण ग्रामसभेत गेलं. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ठराव काही मिळेना. एकानं वाजिब-उल-अर्ज काढा म्हटलं, दुसऱ्यानं पटवारी रजेवर असल्याचं सांगितलं, तिसऱ्यानं याच विषयात स्मशानाच्या पांदणीचा विषय घातला. सभा उठली तेव्हा सर्वानुमते एवढंच ठरलं होतं, की पुढच्या सभेला चहा लवकर ठेवायचा.

त्या रात्री पाऊस आला. कौलांवर असा वाजला, जसं कुणी वरून धानाचं पोतं ओततंय. पहाटे बांधीवर गेलो तर धुरा फुटला होता; बरोबर जुन्या जागी, मी थापलेला चिखल तेवढा वाहून गेलेला. पाणी खळखळत खाली उतरत होतं, वर्षानुवर्षं उतरत आलं तसंच, कुणाची सही न घेता. तोंड फार रुंद होऊन सगळाच धुरा खचू नये म्हणून मी दोन्ही कडांना गवताची ढेकळं बसवू लागलो. पलीकडून कुणीतरी तेच करत होतं. मामाजींनी डोक्यावरचं घोंगडं सारून माझ्याकडे पाहिलं, एक ढेकूळ नीट दाबलं आणि विचारलं, “चाय झाली का जी तुमची?”