कोनशिलेखालची एक ओळ

जालन्याची 2023 मध्ये महापालिका झाली, पण शहरातला सगळ्यांत वजनदार माणूस बदलला नाही. तो म्हणजे लोखंडी चावीने पाण्याचा वॉल सोडणारा वॉलमन! साहेब बदलून जातात, नगरसेवक पडतात. वॉलमनला मात्र गल्लीत चहा कधी विकत घ्यावा लागत नाही. लग्नाची तारीख पंचांगातून निघते खरी, पण पाहुणे कोणत्या दिवशी बोलवायचे हे त्याला विचारूनच ठरतं. "मामा, शुक्रवारी सुटंल ना पाणी?" असं विचारताना एरवी चढ्या आवाजात बोलणारेही अगदी लीन होतात.

मामांच्या हाती येणारं पाणी दोन घराण्यांचं. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातला. तो शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे तिथलं पाणी विजेशिवाय, उताराने, आपलं आपण चालत येतं. पैठणच्या पाण्याचा थाट जावयासारखा. ते आणायला जावं लागतं. पैठणचं जायकवाडी धरण काठोकाठ भरलं तरी पातळी समुद्रसपाटीपासून 1522 फूट, आणि जालना त्याहून वर. म्हणजे अंबडच्या वाटेने येणारा प्रत्येक थेंब पंपाने चढवायचा. वीज तासभर गेली की नुसता तासाचा तोटा होत नाही. थांबलेली लाइन पुन्हा भरून दाब यायला वेळ लागतो, आणि गल्लीचा पाण्याचा वार हुकतो.

वार हुकला की टिल्लू निघतो. हा पंप दिसायला नारळाएवढा, पण शेजाऱ्याच्या नळातलं पाणी सहज ओढून आणतो. सगळ्यांनीच टिल्लू लावले की लाइनीतला दाब पार बसतो, आणि जिथे जोड ढिला असेल तिथून गटाराचं पाणी आत शिरतं. शेजाऱ्याचा वाटा ओढायला गेलेल्याच्या हंड्यात मग गटारही येतं. मामा शांतपणे म्हणतात, "वास येतोय? टिल्लू काढा, जाईल."

खेड्यात मामाचं आणि बाकीचंही सगळं काम एकाच माणसाला करावं लागतं. 2019 मध्ये जलजीवन मिशन आलं, माणशी रोज 55 लिटरचा हिशेब आला, टाक्या उभ्या राहिल्या. मोटर चालू करणं, टाकीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर टाकणं, फुटलेला पाइप उकरणं आणि संध्याकाळी पाणीपट्टी मागत फिरणं, हे सारं ग्रामपंचायतीच्या एका शिपायाकडे. लोक म्हणतात, "पाणी येत नाही, पट्टी कशाची?" ग्रामपंचायत म्हणते, "पट्टी नाही, विजेचं बिल कशातून भरू?" वीज मंडळ काहीच म्हणत नाही, तारच कापतं. आणि पट्टीवर इतका बाणेदारपणा दाखवणारा गृहस्थ आरओच्या जारचे पैसे रोखीने देतो, घासाघीस न करता.

आमचा दोष मला वाटतं नारळात आहे. योजना मंजूर झाली की नारळ, भूमिपूजनाला नारळ, लोकार्पणाला नारळ. पॅकिंग बदललं, गाळ काढला, लिकेज जोडलं, यासाठी कुणी नारळ फोडत नाही. घाणेवाडीचा गाळ काढायला शहरातले लोक स्वतः एकत्र आले, वर्गणी जमवली, शेतकऱ्यांनी तो सुपीक गाळ रानात नेऊन टाकला. निजामाचा तलाव आज पाणी देतो तो या गाळ उपसण्यामुळेही. नुसता बांधून ठेवला असता तर तिथे एव्हाना पीक उभं दिसलं असतं.

पुढाऱ्यांवर माझा राग नाही. कोनशिलेवर त्यांची नावं राहू द्यावीत, मोठ्या अक्षरांत, 'शुभहस्ते' सकट. फक्त खाली एक ओळ जास्त कोरावी: वॉल कोण सोडतो, बिल कोण भरतो आणि फुटलं तर फोन कुणाला करायचा. दगडावर नंबर कोरायचा म्हटलं, की तो फोन उचलणारा माणूस आधी नेमावा लागेल.