शाल, बिनश्रीफळाची

महाराष्ट्रात शाल कुणी वापरत नाही. ती फक्त फिरते. व्याख्यात्याकडून मेहुण्याकडे, मेहुण्याकडून सोसायटीच्या अध्यक्षांकडे आणि तिथून गणेशोत्सवाच्या प्रमुख पाहुण्यांकडे. बरोबरचा नारळ वाटेत कुठेतरी खवला जातो. शाल अमर असते. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या शालीच्या घडीतून दुसऱ्याच एका सत्कारमूर्तीच्या नावाची चिठ्ठी निघाली, तेव्हा मी ठरवलं, एक तरी शाल अशी हवी की जी आपल्याच घरी जन्माला येईल आणि आपल्याच घरी राहील. म्हणजे विणायचीही मीच आणि लोकर रंगवायचीही मीच.

"ठाण्यात शाल कशाला?" ह्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. ठाण्यात थंडी वर्तमानपत्रात पडते. पण मी गणिताची शिक्षिका. 'ह्याचा उपयोग काय?' हा प्रश्न सारी नोकरीभर ऐकण्याची मला सवय आहे, आणि उत्तर न देता पुढचं उदाहरण घालण्याचीही.

नक्षीसाठी पहिला मान अर्थातच पैठणीवरच्या मोराचा. पण विणकामातला टाका चौरस नसतो; रुंदीला जास्त, उंचीला कमी. आलेखकागदावरचा डौलदार मोर सुयांवर चढला की बसका होतो आणि त्याचं बदक दिसू लागतं. येवल्याच्या विणकरांसमोर पुढेमागे तोंड दाखवायचं असेल तर मोराला हात न लावलेला बरा. म्हणून मी विदर्भाकडे वळले. तिथल्या टसरच्या करवतकाठी साडीचा दातेरी काठ दोन सुयांवर बेमालूम उतरतो: टाके वाढवत जायचं आणि एकदम बंद करायचे, की एक दाता तयार.

लोकर मेरिनोची घेतली. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राकट. तिची घोंगडी व्हावी आणि ती धनगराच्याच खांद्यावर शोभावी. मेंढी ऑस्ट्रेलियाची असली तरी रंग मात्र इथलाच हवा होता, म्हणून कांद्याची सालं. ह्यात अडचण एकच. चांगला तांबूस सोनेरी रंग यायला लोकरीच्या वजनाइतकी सुकी सालं लागतात, आणि एका कांद्याचं साल फुंकरीसरशी उडून जातं. पाव किलो सालं जमवायची तर आख्खं लासलगाव सोलायला हवं. मी भाजीवाल्याला साकडं घातलं.

"नुसती सालं? कांदा नको?"

"नको."

"भाव उतरलाय, ताई."

"तरी नको."

त्याने माझ्या डोक्याकडे निरखून पाहिलं. "केसांना लावता?"

मी हसले. तो होकार समजला. पुढच्या आठवड्यात पाहते तो टोपलीच्या तळाशी शेजारच्या इमारतीतल्या दोघीजणी वाकलेल्या. आता आमच्या गल्लीत कांद्यापेक्षा सालांना मागणी जास्त आहे.

रंग चढण्याआधी लोकरीला तुरटी पाजावी लागते, वजनाच्या दहाव्या हिश्श्याने. त्यानंतर तिचे जे लाड सुरू होतात ते विचारू नका. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, ढवळाढवळ करायची नाही, गरमातून काढून एकदम गार पाण्यात टाकायचं नाही. नाहीतर तंतू एकमेकांत गुंततात आणि लडीचा नमदा होतो. "माझ्या चार बाळंतपणांत मिळून इतकं कुणी जपलं नाही मला," सासूबाई दारातून म्हणाल्या. पातेलं त्यांनीच दिलं होतं, ते पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही ह्या अटीवर.

दुसऱ्या लडीला डाळिंबाची सालं. त्यांचा रंग पिवळा येतो, पण गंजके खिळे व्हिनेगरमध्ये मुरवून ते पाणी चमचाभर घातलं की पिवळ्याचा बघता बघता शेवाळी करडा होतो. इथे हे अचानक उत्साहात आले आणि हत्यारपेटीतला सगळा गंज मला अर्पण करायला निघाले. त्यांना आवरावं लागलं, कारण लोखंड जास्त झालं की लोकर खरखरीत होते. हळदीचा मोह मी टाळला. तो रंग उन्हात टिकत नाही. कुठल्याही नवरीला विचारा.

परदेशातले लोकर रंगवणारे प्रत्येक लडीला 'धुक्यातली पहाट' वगैरे नावं देतात. माझ्या लड्या पाहून सासूबाई म्हणाल्या, "एक गुळाच्या चहाची आणि एक पोतेऱ्याची." नावं कायम झाली.

हाती रंगवलेली लोकर मुळात सांगितलेलं ऐकत नाही. लडीतला गडद भाग ठरावीक अंतराने येतो. ओळीची लांबी त्या अंतराशी जुळली की गडदावर गडद बसून मध्येच डाग पडल्यासारखं दिसतं. एकाच रंगाच्या दोन लड्या आलटूनपालटून, दोन-दोन ओळी विणत गेलं तर हे डाग विखुरतात. विखुरले नाहीत तर 'कलात्मक' म्हणावं.

शाल त्रिकोणी, मानेपासून खाली वाढत जाणारी. ओळीआड ४ टाके वाढवायचे: कडांना एकेक, मधल्या कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक. दहावीची अंकगणिती श्रेढीच ही. टाके बेरजेने वाढतात, लोकर वर्गाने संपते. म्हणून निम्म्या ओळी होतात तेव्हा शाल फक्त पाव झालेली असते. ह्यांनी टेप लावून उंची मोजली आणि "अर्धी झाली की!" म्हणून आनंदाने चहा ठेवला.

"पाव," मी म्हटलं.

"अगं, डोळ्यांना दिसतंय!"

फळा नव्हता, म्हणून फ्रिजच्या दारावर सिद्धता लिहून दिली. चहा निमूट आला. शेवटच्या ओळी तर इतक्या लांब, की ओळ सुरू करताना मालिकेत थोरल्या सुनेवर आळ आलेला असतो आणि ओळ संपेपर्यंत धाकटी तुरुंगात गेलेली असते.

मग करवतकाठ. तो आडवा विणतात, आणि त्याच्या दोन ओळींमागे शालीचा एक टाका बंद होतो. सुईवर ४०० टाके, म्हणजे काठाच्या ८०० इवल्या ओळी. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

जाळीची वीण सुईवरून उतरते तेव्हा चोळामोळा दिसते. ती भिजवून, ताणून, टाचण्या मारून वाळवली की नक्षी उमलते आणि शाल केवढी तरी पसरते. एवढी सपाट जागा आमच्या घरात एकच, पलंग. त्या रात्री शाल पलंगावर झोपली आणि हे सोफ्यावर.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर इतक्या तलम शाली विणत, की त्या लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येत. माझी अंगठीतून जात नाही. सासूबाईंच्या पाटलीतून जाते, तीही सासूबाईंनी स्वतः ओढली तर.

आता घरी येणारी प्रत्येक बाई म्हणते, "मलाही एक करून द्या ना, लोकरीचे पैसे देईन." तुमच्याही मनात तेच आलं असेल, तर ऐका. सुया मी देईन. तुरटी वाण्याकडे मिळते. सालं जमवायला आजपासूनच लागा. फक्त आमचा भाजीवाला सोडा.