पाचशे एकाव्या युनिटास अनावृत पत्र

प्रति,
पाचशे एकावे युनिट,
घरगुती वीजजोडणी, मु. ओरत्तनाडु, जि. तंजावर.

विषय : न येण्याबाबत.

तमिळनाडूत घरगुती विजेचे बिल दोन महिन्यांचे असते आणि त्या दोन महिन्यांतले पाचशे एकावे युनिट २०२२ मध्ये २३३ रुपयांना पडू लागले. ही छपाईतली चूक नव्हे. सप्टेंबर २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे पाचशे युनिटांचे बिल १,७२५ रुपये होते आणि पाचशे एकाचे १,९५८. पहिली शंभर युनिटे २०१६ पासून फुकट आहेत. वापर कितीही झाला तरी ती फुकटच राहतात. पुढची शंभर सव्वादोन रुपयांनी, त्यापुढची दोनशे साडेचारने आणि शेवटची शंभर सहाने मोजली जात. पाचशेची पायरी ओलांडली की दुसऱ्या शंभरावरची सवलत सरकार परत घेई आणि ती शंभर युनिटेही साडेचारने धरली जात. म्हणजे जुने २२५ रुपये मानगुटीवर बसत आणि वर नव्या युनिटाचे स्वतःचे आठ रुपये. जुलै २०२४ मध्ये दर वाढले, पायरी मात्र जागची हलली नाही.

जुन्या दरबारी पत्रांत मोठ्या असामीला तोंडावर ‘तू’ म्हणत नसत, तिच्याविषयी आदराने तृतीयपुरुषी लिहीत. २३३ रुपये मोल असलेले युनिट ही मोठीच असामी आहे, म्हणून या पत्रातही तीच रीत पाळली आहे.

ओरत्तनाडु हे गाव पाहुण्यांना दारातून परतवणारे नव्हे, हे आधीच नमूद केलेले बरे. तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याला लागलेल्या या गावात तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी आपल्या प्रेयसीच्या, मुक्तांबाळच्या, स्मरणार्थ छत्र, म्हणजे वाटसरूंसाठी अन्नछत्र, बांधले, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता आणि राजांच्या वाट्याला वार्षिक एक लाख पगोडे आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला होता. खर्चाला कात्री लावण्याची याहून चांगली संधी ती कोणती? पण जानेवारी १८०१ मध्ये राजांनी कंपनीच्या रेसिडेंटाला पत्र लिहिले ते छत्रांच्या बाजूने. रामेश्वराच्या वाटेवरच्या या छत्रांत जात न विचारता वाटसरूंना शिजवलेला भात मिळतो, शिजवलेला नको असेल त्याला शिधा मिळतो, पोरक्या मुलांना तीन वेळ जेवण आणि दर चौथ्या दिवशी अंगाला तेल मिळते, असा सगळा तपशील त्या पत्रात आहे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल तर त्याने यावे, असा पुकारा होई, हेही आहे. अशा गावात एखाद्याला ‘येऊ नये’ असे लिहिण्याची पाळी आली, याचा दोष दरपत्रकाचा आहे, गावाचा नव्हे.

हे युनिट घरात येते कसे, याचा तपास सोपा आहे. पाचशेला साठ दिवसांनी भागले की दिवसाला सव्वाआठ युनिटे येतात आणि एक युनिट म्हणजे हजार वॅटचे यंत्र तासभर चालणे. जुना छताचा पंखा साधारण पंचाहत्तर वॅट खातो. तंजावर जिल्ह्याच्या हवेत तो पंधरा तास फिरला तर दोन महिन्यांत सदुसष्ट युनिटे जातात. तीन पंखे म्हणजे दोनशे. फ्रिजची चाळीस ते साठ, पाण्याच्या मोटरीची पंचवीस-तीस, दूरदर्शन संचाची वीस-पंचवीस. इथवर पायरी दूर असते. वातानुकूलन यंत्र आले की हिशेब संपतो: एक टनाचे चांगले यंत्रही तासाला पाऊण युनिटाच्या आसपास घेते, म्हणजे रात्रीचे सात तास धरले तरी तीनशेवर. मे महिन्यातल्या अग्निनक्षत्राच्या, म्हणजे ऐन उकाड्याच्या, पंचवीस दिवसांत ते बंद ठेवण्याचा सल्ला देणारा माणूस बहुधा महाबळेश्वरी राहतो.

बंद ठेवायचे नाही, पण आकडा वर सरकवता येतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने तापमानाचा प्रत्येक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते आणि याच कारणाने जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे चालू करताच चोवीस अंशांवर सुरू होतात. अठरावर लावून अंगावर रजई ओढणाऱ्या घरात पाचशे एकाव्या युनिटाचे स्वागत रजईसकट होते. सव्वीसवर लावून वर पंखा मंद फिरवला तर झोप तेवढीच लागते.

पंख्यांचे प्रकरण जरा खोल आहे. ब्रशविरहित मोटरचा नवा पंखा अठ्ठावीस ते पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. पंधरा तासांच्या हिशेबाने एका पंख्यामागे दोन महिन्यांना चाळीस युनिटे वाचतात, २०२२ च्या साडेचारच्या दराने १८० रुपये. पंखा तीन हजारांचा धरला तर पैसे फिटायला सतरा बिले लागतात, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे. चालता पंखा उतरवून नवा लावण्याची घाई म्हणूनच फारशी फायद्याची नाही. पण जुना जळालाच असेल, तर हिशेब फक्त दोन किमतींमधल्या फरकाचा करायचा आणि तो वर्ष-सव्वा वर्षात सुटतो. विकणारे पहिला हिशेब सांगत नाहीत आणि घरातली वडीलधारी माणसे दुसरा ऐकत नाहीत. एक तिसरा हिशेबही आहे: ज्या घराचा आकडा दरवेळी पाचशे वीस-तीसवर जातो, तिथे एकाच नव्या पंख्याने घर पायरीच्या अलीकडे येते आणि मग त्या पंख्याचे मोल वाचलेल्या युनिटांहून कितीतरी अधिक ठरते. भिंतीवरचा तो जुना चौकोनी गरम होणारा रेग्युलेटर मात्र आजच काढावा. तो पंख्याचा वेग कमी करतो आणि वाचलेली वीज स्वतःच तापून घालवतो.

उलट, मोबाइलचा चार्जर बटण बंद करून ठेवावा, हा घरोघरी दिला जाणारा उपदेश तपासून पाहण्यासारखा आहे. फोन न जोडलेला आजचा चार्जर पाव वॅटहूनही कमी खातो. दोन महिन्यांत त्याचे अर्धे युनिटही होत नाही. खुद्द फोन रोज पुरा भरला तरी दोन महिन्यांना दीड युनिट लागते. पण त्याच भिंतीवर चोवीस तास जागा असलेला वायफायचा राउटर दहा वॅटचा असेल तर चौदा युनिटे नेतो आणि दूरदर्शन बंद केल्यावरही तापलेला राहणारा सेट टॉप बॉक्स दहा-अकरा. चार्जरवरून मुलांना रागावणाऱ्या घरात हे दोघे सभ्यपणे बसून जेवत असतात. उपदेशाचे बटण चुकीच्या ठिकाणी आहे, एवढेच.

पायरीच्या अलीकडे राहण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मीटरखाली उभे राहण्याचा आहे. वीज मंडळाचा माणूस येऊन आकडा टिपून जाईल आणि मग कळेल, या भरवशावर राहिलेले घर पाचशे तीसवर सापडते. दर रविवारी आकडा कॅलेंडरवर लिहिला आणि आठवड्याला अठ्ठावन्नाच्या पुढे गेला तर सावध झाले, की पुरे. यात एक अडचण आहे. आकडा टिपायला चार दिवस उशीर झाला तर सव्वाआठच्या गतीने तेहतीस युनिटे वाढतात आणि काटकसरीने राहिलेले घरही पायरीपलीकडे जाते. दर महिन्याला बिल काढण्याचे आश्वासन २०२१ च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात होते ते याच दुखण्यावर. ते अमलात येईपर्यंत शेवटच्या आठवड्यात इस्त्रीचा गठ्ठा साठवून ठेवणे हा गृहिणींनी शोधलेला उतारा चालू आहे.

सरकारचा या व्यवहारातला भाग मजेशीर आहे. २००६ पासून रंगीत दूरदर्शन संच फुकट वाटले गेले. सप्टेंबर २०११ पासून मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा. त्याच वर्षापासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना लॅपटॉप. दारात हत्ती बांधून द्यायचा आणि वैरणीचा हिशेब पायरी-पायरीने करायचा, असा हा प्रकार. शेतपंपाची वीज तर १९९० पासून फुकटच आहे. ओरत्तनाडूच्या परिसरात ग्रँड अणिकट कालव्याचे पाणी येते. तरी ज्याच्या शेतात पंप आहे त्याची मोटर रात्रभर मीटरची पर्वा न करता चालते आणि त्याच शेतकऱ्याच्या घरातल्या पंख्याचा मात्र तासातासाने हिशेब होतो. पाचशे एकाव्या युनिटाने अर्ज करून शेतात बदली मागून घ्यावी; तिथे त्याला कोणी काही विचारणार नाही.

पायरी फक्त विजेतच असते असेही नाही. मोबाइलच्या रिचार्जची पायरी अठ्ठावीस दिवसांची. वर्षाचे ३६५ दिवस अठ्ठावीसने भागले की तेरा रिचार्ज होतात. पंचांगात अधिक मास साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो. मोबाइलच्या पंचांगात तो दरवर्षी येतो आणि त्यात जावयाला वाण मिळत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना तीस दिवसांचा निदान एक प्लॅन आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा एक प्लॅन ठेवायला लावले. यादीत ते प्लॅन असतात, पण तळाशी. दुकानदार पहिले बोट अठ्ठावीसवरच ठेवतो. डिसेंबर २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने, ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे आणि संदेश यांचे स्वतंत्र प्लॅन काढायला सांगितले आणि अशा खास रिचार्जची मुदत नव्वद दिवसांवरून वर्षापर्यंत वाढवू दिली. बटणाचा फोन वापरणाऱ्या आजीच्या नावावर रोजचा दीड जीबी डेटा भरणाऱ्या नातवंडांनी ही बातमी तिला सांगितलेली नसते. चार फोनांत चार वेगवेगळे डेटाचे प्लॅन भरण्यापेक्षा घरात एक ब्रॉडबँड आणि फोनांत लहान प्लॅन, हा हिशेबही कागदावर मांडून पाहावा. राउटरची चौदा युनिटे त्यात धरायला विसरू नये.

शाळेतून मिळालेला तो लॅपटॉप अनेक घरांत कपाटावर पडून आहे. तो मंद झाला म्हणून नवा घ्यायचा, असा निर्णय झालेला असतो. मंदपणा बहुतेक वेळा आतल्या फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि जागा असेल तर रॅम वाढवली की लिहिणे-वाचणे, हिशेब आणि ऑनलाइन अर्ज यांना तो पुन्हा उभा राहतो, नव्याच्या किमतीच्या लहानशा भागात. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि जुन्या यंत्रांवर पुढची आवृत्ती चढत नाही. तिथे लिनक्स चालते आणि पत्रे-तक्ते यांना लिबरऑफिस पुरते. दोन्ही फुकट आहेत. ज्याला वर्षातून दहा पाने छापायची आहेत त्याने छपाईयंत्र घेऊ नये. शाई न वापरताही वाळते, आणि झेरॉक्सचे दुकान वाळत नाही.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. तांदूळ अर्धा तास भिजवला तर गॅस कमी लागतो. इडलीचे पीठ आठवड्यातून दोनदा वाटले काय किंवा एकदा, ग्राइंडरच्या युनिटांत फार फरक पडत नाही. फरक फ्रिजच्या दाराच्या रबराने पडतो: दारात कागद धरून दार लावावे, कागद सहज ओढून निघाला तर रबर बदलावे.

शेवटचा उपाय छपरावरचा. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ आणि तीन किंवा अधिकला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान आहे. तीन किलोवॅटची पॅनेले चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटांच्या आसपास देतात, म्हणजे दोन महिन्यांत सातशेहून अधिक. स्वतःचे छप्पर, बिनसावलीची जागा आणि सुरुवातीला घालायला पैसे, ही तिन्ही ज्याच्याकडे आहेत त्याला पायरीची फिकीर उरत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला आणि नारळाखालच्या कौलारू घराला हा मार्ग नाही; त्यांनी रविवारचा आकडा लिहीत राहावे.

सबब, चालू हिशेबाचे वाचन होईपर्यंत पाचशे एकाव्या युनिटाने तारेतच विश्रांती घ्यावी. मध्यरात्री घंटा ऐकू आली तर ती छत्राची नसून राउटर बंद करायला लावलेल्या गजराची आहे, असे समजावे. तिच्या आवाजाने आत येऊ नये. पाचशे दोनपासून पुढच्या मंडळींना हेच पत्र दाखवावे, निराळे पाठवण्याचा खर्च नको.

कळावे. लोभ नसावा, ही विनंती.