भाव आला की सोडू

लासलगावात पोरानं 'मी संगीतकार होणार' असं जाहीर केलं, तर घरात आरडाओरडा होत नाही. वडील भाकरी मोडता मोडता एवढंच विचारतात, "एकरी काय पडतं?" यात कुचेष्टा नसते. 1947 पासून बाजार समिती असलेलं हे गाव. इथं माणूस कुठल्याही मालाचे तीन आकडे मागतो: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. आमच्या संगीतकाराकडे पहिले दोन तयार असतात. कमीत कमी म्हणजे हरिनाम सप्ताहात पेटीची साथ. तिथं मोबदला नारळ आणि पंगत. जास्तीत जास्त म्हणजे एखाद्या कांदा व्यापाऱ्याच्या घरची हळद. सरासरी त्यानं काढलेली नाही. ती काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी कांदे निवडायला खळ्यावर बसावं लागेल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

चैत्र लागला की हा दिसू लागतो. वय विशीच्या आसपास. नाशिकच्या कॉलेजातून पाठीवर लॅपटॉप आणि गळ्यात हेडफोन घेऊन गावी येतो. हेडफोन गळ्यातच असतात, कानांना क्वचित लागतात. चाळीस अंशांतही टी-शर्ट काळाच. मोबाइलवर नावाच्या पुढे 'ऑफिशियल' लिहिलेलं, जणू याच नावाचे चार बेकायदेशीर संगीतकार गावात फिरत आहेत. मित्र त्याला 'कंपोजर' म्हणतात, टपरीवाला 'म्युझिक' म्हणतो, आणि आजी आल्यागेल्याला कौतुकानं सांगते, "हा आमचा बँडवाला." लॅपटॉप चोरीला गेला तरी त्याला एवढं लागणार नाही.

याचं मूळ दुखणं जुनं आहे. 2016 साली अजय-अतुल यांनी 'सैराट'चं संगीत थेट हॉलिवूडला जाऊन सिंफनी वाद्यवृंदावर ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा हा पाचवीत होता. गावातल्या प्रत्येक वरातीत 'झिंगाट'वर हात वर करून नाचला आणि त्याच धुळीत त्यानं ठरवलं. तरी हॉलिवूड लांब होतं. तिथं पोहोचता आलं नाही तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण 2024 साली जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडची 'गुलाबी साडी' जगभर वाजली आणि याची झोप गेली. जळगाव म्हणजे मनमाड, चाळीसगाव, की आलंच. एवढ्या जवळच्या माणसाचं नाव झालं की सबबी संपतात.

स्टुडिओ म्हणजे कांदा चाळ. उन्हाळ कांदा काढून चाळीत पडेपर्यंत ती रिकामी असते, तेवढ्यात यानं ताबा मिळवलेला. चाळ ज्यानं बांधली त्याचा सगळा भर एका गोष्टीवर असतो: वारा खेळला पाहिजे. म्हणून भिंती बांबूच्या, फटी ठेवलेल्या, आणि तळही जमिनीपासून उचललेला. स्टुडिओला लागतं ते नेमकं उलटं. मग यानं गावभर फिरून जुनं गोणपाट हुडकलं. हल्ली कांदा जाळीच्या गोणीत जातो, त्यामुळे बारदानही आता दुर्मीळ वाद्यासारखं शोधावं लागतं. माइक फवारणीच्या पंपाच्या नळीला बांधला. माइकपुढे जाळी हवी म्हणून आईची चहाची गाळणी नेली. त्या उन्हाळ्यात त्या घरी चहा ज्यांनी घेतला त्यांना कळलं, की कलेसाठी कुटुंबाला काय काय गिळावं लागतं.

वैशाख जवळ येतो तसा माल येऊ लागतो आणि स्टुडिओ आखडतो. आज दोन खण भरले, परवा आणखी दोन. संगीतकार लॅपटॉप उचलून पुढच्या खणात सरकतो. काही तक्रार आहे का विचारलं तर म्हणतो, कांद्याच्या ढिगामुळे आवाज उलट सुधारला. ही मात्र थाप नाही. गोल आणि उंचसखल पृष्ठभागावर आवाज आपटला की तो फुटून विखुरतो, घुमत नाही. मोठ्या स्टुडिओंत याच कामासाठी भिंतीवर लाकडाचे कमीजास्त उंचीचे ठोकळे बसवतात आणि त्याचे भरपूर पैसे घेतात. आमच्याकडे ते गोल्टीवर, म्हणजे बारक्या कांद्यावर, भागतं.

पण गोल्टी रेल्वेपुढे काय करणार? मुंबई-भुसावळ हा मोठा वर्दळीचा मार्ग. मुखडा बरा लागला की मालगाडी येते. अंतरा लागला की सुपरफास्ट, जिला लासलगावला थांबा नाही पण भोंगा वाजवायला वेळ आहे. एका विरहगीतात तो भोंगा इतका स्पष्ट आलाय की ऐकणाऱ्याला नायिका गेली ती रेल्वेनंच गेली असं वाटतं. रात्री रेकॉर्डिंग करावं, तर सकाळच्या लिलावासाठी ट्रॅक्टर आदल्या रात्रीपासून रांगेत. प्रत्येक ट्रॅक्टरला स्पीकर, आणि प्रत्येक ड्रायव्हरला झोप येऊ द्यायची नसते. राहता राहिली लिलावाच्या सुट्टीची आदली रात्र. दुसऱ्या दिवशी लिलाव नाही. त्यामुळे रांग नाही, गोंगाट नाही.

म्हणून हा सुट्टीच्या आदल्या मध्यरात्री एकटाच चाळीत जाऊन, लाल दिवा लावून, कानाला हेडफोन घालून गाऊ लागला. संगीत त्याच्या कानात होतं. गल्लीला ऐकू येत होता तो फक्त त्याचा आवाज, तोही एकच ओळ, पंचवीस वेळा, दर वेळी आधीपेक्षा दुःखी. सकाळी शेजारच्या काकू आल्या.

"वहिनी, रात्री चाळीत कोण होतं?"

"आमचंच पोरगं."

"बरं आहे ना?"

"हो, गाणं म्हणत होतं."

"तेच विचारते, बरं आहे ना?"

दुपारी चाळीच्या दाराला लिंबू-मिरची लटकलेली दिसली. स्टुडिओला नजर लागू नये म्हणून आईनं बांधली असेल, असं समजून संगीतकारानं तिचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'कमिंग सून'.

संध्याकाळी सुपारी. लग्नसराईत याला बँडच्या गाडीवर कीबोर्डला बसवतात. संबळ, सनई, पावरी सगळं एका बटणाच्या अंतरावर, शेजारी ऑक्टोपॅडवाला, आणि खाली नवरदेवाचे मामा. मामा हा वरातीचा खरा संगीत दिग्दर्शक. तो पाचशेची नोट दातांत धरून जे गाणं खुणेनं सांगेल ते वाजतं. हळदीला माइक हाती आला तरी गाण्याआधी सूचना: अमुक गावच्या सरपंचांचं आगमन झालेलं आहे, आहेर कृपया स्टेजच्या डाव्या बाजूला नोंदवावा, एमएच 15 पांढरी गाडी ट्रॅक्टरच्या आडवी लागली आहे ती काढून घ्यावी. गाडीच्या सूचनेला जेवढे लोक उठतात तेवढे त्याच्या आलापीला कधी उठलेले नाहीत. एकदा त्यानं हिंमत करून दोन चालत्या गाण्यांच्या मधे स्वतःची रचना घुसवली. सुरुवातीला आठ मात्रांची शांतता होती. त्यातच तिचं सौंदर्य आहे, असं तो म्हणतो. नाचणारे थांबले. कुणीतरी विचारलं, "लाइट गेली का रं?"

तेव्हापासून स्वतःचं गाणं शेवटी वाजवायचं असं ठरलं. आणि रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. दहाला पाच कमी असताना वरातीतल्या प्रत्येकाला एक शेवटची फर्माईश आठवते. त्यामुळे त्या उन्हाळ्यात त्याचं गाणं रोज साडेदहाच्या सुमारास होतं.

माझ्या मते त्याची खरी तालीम झाली ती दुसरीकडेच, आणि ती तो कुणाला सांगत नाही. एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या कार्यक्रमात त्याला साथीला बोलावलं. वामनदादा कर्डक आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्या परंपरेतल्या श्रोत्यासमोर शब्द गिळून चालत नाही. यानं एक कडवं नव्या पद्धतीनं, ओठांतल्या ओठांत म्हटलं. पहिल्या रांगेतले एक म्हातारे बाबा उठले आणि शांतपणे म्हणाले, "बाळा, चाल छान आहे. काय म्हणतोस तेही कळू दे." घरी येऊन त्यानं आपली चार गाणी पुन्हा गाऊन घेतली. विचारल्यावर म्हणाला, माइकची सेटिंग चुकली होती.

मित्र चार. गीतकार एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर हिशेब लिहायला असतो आणि हिशेबपट्टीच्या पाठीमागे कविता करतो. त्याच्या प्रत्येक नायिकेचा रंग गुलाबी आणि चमक एकसारखी असते. सवय जात नाही. दुसऱ्याकडे पिकअप आहे, त्यामुळे तो साउंड इंजिनिअर. तिसऱ्याकडे ड्रोन. चौथ्याकडे काहीच नाही, म्हणून तो मॅनेजर, आणि मिळकतीतले दहा टक्के त्याचे. ते त्याला आजवर नियमित मिळतात, कारण शून्याचे दहा टक्के काढायला सोपे. संध्याकाळी ही मंडळी फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडे, आपल्याला न घेता चालल्याबद्दल, रागानं बघतात.

व्हिडिओ नांदूरमध्यमेश्वरला करायचा ठरलं. रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ, तेही निफाड तालुक्यात, म्हणजे घरचंच. गाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे होते. पक्षी तिथं हिवाळ्यात येतात, ही माहिती गीतकाराला मे महिन्यात, भर उन्हात, धरणाच्या काठावर मिळाली. रोहितांच्या जागी दोन बगळे आणि एक म्हैस घेतली. परतीच्या वाटेवर एका शेतावर ड्रोन उडवला, तर दहा मिनिटांत बांधावर वीस माणसं जमली. महामार्गाच्या मोजणीचा ड्रोन आहे आणि जमीन जाणार, अशी बातमी पसरलेली. प्रेमगीताचं शूटिंग आहे हे पटवून देईपर्यंत दिवस मावळला. एका आजोबांना शेवटपर्यंत पटलं नाही; सरकारी दराच्या किती पट भाव देणार, ते विचारत राहिले.

एवढं करून उन्हाळ्याअखेर सहा गाणी तयार झाली. आता सोडायची. आणि इथं आमच्या संगीतकाराचं सगळं रक्त, सगळं गाव, सगळा निफाड तालुका उसळून वर येतो. गाणी सोडत नाही. एप्रिलमध्ये पहिलं गाणं झालं तेव्हा म्हणाला, आयपीएल चालू आहे, लोकांचं लक्ष नाही. मग अक्षय तृतीया होऊ दे. मग कुठल्या तरी मोठ्या माणसाचं गाणं येतंय, त्याची हवा उतरू दे. मग लग्नसराई संपली, आता पहिला पाऊस पडू दे. गाणी चाळीत भरून ठेवली आहेत, भाव आला की सोडू.

वडिलांना यात काही गैर वाटत नाही. ते स्वतः त्याच पवित्र्यात बसलेले. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि 4 मे 2024 ला उठली, तो काळ त्यांनी काढलाय. तरी दर उन्हाळ्यात त्यांना वाटतं की यंदा श्रावणात भाव येणार. चाळीतला कांदा महिन्यागणिक घटतो, सडतो, पुढे कोंब धरतो. कोंब येऊ नये म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रानं 2002 साली लासलगावात विकिरणाचा प्रकल्प उभारला. तिथूनच हापूसही गॅमा किरण घेऊन अमेरिकेला जाऊ लागला. गाण्याला मात्र अशी सोय नाही. एप्रिलमध्ये नवा वाटलेला ठेका जुलैत कोंब आल्यासारखा दिसतो. मग संगीतकार तो काढून दुसरा घालतो आणि पुन्हा भाव बघत बसतो.

एका रात्री बापलेक चाळीच्या दारात बसले होते. वडिलांनी विचारलं, "सोडलं तर पैसे कसे मिळतात?"

"स्पॉटिफायवर वर्षात एक हजार वेळा वाजलं पाहिजे. त्याच्या आत काहीच नाही."

"म्हणजे हजार क्विंटल घातल्याशिवाय पट्टीच नाही?"

"तसंच."

"आणि यूट्यूब?"

"हजार सबस्क्रायबर, आणि वर्षभरात चार हजार तास लोकांनी बघितलं पाहिजे."

वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपली समिती बरीच म्हणायची," आणि त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी बाजार समितीबद्दल चांगलं बोललेलं घरात ऐकू आलं.

शेवटी माल फुटला तो पिकअपवाल्या मित्रामुळे. त्यानं एक गाणं पेनड्राइव्हवर घेतलं, रांगेतल्या एका ड्रायव्हरला दिलं, त्यानं दुसऱ्याला. यूट्यूबला जे जमलं नसतं ते रांगेनं एका रात्रीत केलं. सकाळी आवारात लिलावाच्या गजरात तेच गाणं, रेल्वेच्या भोंग्यासकट, पाच ट्रॅक्टरांवर पाच वेगवेगळ्या ठिकाणी वाजत होतं. हमाल मान हलवत होते. बातमी लागताच संगीतकार मोटारसायकल पळवत आला. लोकांना वाटलं खूश होईल. त्याचा चेहरा पांढराफटक.

पहिल्याच ट्रॅक्टरवर विंचूरकडचे एक काका होते. यानं त्यांना हात जोडून सांगितलं, "काका, बंद करा ना. हे फायनल नाही. मास्टरिंग बाकी आहे अजून."

काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मंजे काय राहिलंय?"

"शेवटचा हात. त्याशिवाय बाहेर काढत नसतात."

"आमचाबी अजून दोन दिस सुकायचा व्हता," काका ट्रॉलीकडे बोट दाखवत म्हणाले, "तरी आणलाच ना. पोरीचं लगीन हाये."

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. लिलाव पुढे सरकला, व्यापारी ट्रॉलीभोवती जमले, काकांनी गियर टाकला. गाणं चालूच. संगीतकार चाकाच्या बाजूनं धावत, एका हातानं मडगार्ड धरून ओरडत होता, "काका, निदान बेस तरी कमी करा!"