५४ सेकंदांचे सर

आमच्या जिन्यावर रोज संध्याकाळी ६०-७० जोड पायताणं पडलेली असतात. त्यांतून पाऊल टाकायला जागा शोधत मी भाजीची पिशवी घेऊन चढत असतो, आणि वरच्या मजल्यावरून गर्जना होते, "वेळ संपली! पुढं चला!" पहिली एक-दोन वर्षं मला वाटायचं, हे मलाच आहे. मी पुढं चालायचो.

वरचा हॉल मी सरांना क्लाससाठी भाड्यानं दिला, त्याला १४ वर्षं झाली. जागा बघायला आले तेव्हा त्यांनी ना उजेड बघितला, ना पाण्याची टाकी. फक्त विचारलं, "गल्ली कितवी?" राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली, दुसरी, तिसरी असं मोजत माणूस घरी पोचतो. सर खूश झाले. म्हणाले, "पत्ता शोधतानासुद्धा पोराला प्रश्न क्रमांक सापडल्यासारखं वाटलं पाहिजे." डिपॉझिटची घासाघीस मात्र अडीच तास चालली. घड्याळाचा नाद त्यांना नंतर लागला.

हा नाद एका भागाकारातून आला. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. हा भागाकार हजारो मास्तरांनी केला असेल आणि विसरलेही असतील. आमच्या सरांचं आयुष्य त्या उत्तरापाशी थांबलं. गणिताच्या ५० प्रश्नांना पुन्हा ९० मिनिटं असतात, तिथं १०८ सेकंद मिळतात. पण १०८ ही त्यांच्या मते जपमाळेची संख्या, एवढ्या वेळात माणसाला डुलकी लागते. त्यांचा जीव ५४ वर. चहा ५ प्रश्नांचा. बस रूटवरून बिंदू चौक रिक्षानं १२ प्रश्न, शनिवारी २०. सांत्वनाला गेलं की ३ प्रश्न बसायचं, चौथ्याला घरची माणसं नव्यानं रडायला लागतात. कोल्हापुरात कुठल्याही विषयाचा शिक्षक बोलता बोलता कुस्तीवर येतो. सर येत नाहीत. कुस्ती निकाली व्हायला अर्धा-अर्धा तास लागतो, आणि तेवढ्या वेळात ३३ प्रश्न होतात, हा त्यांचा आक्षेप.

पण खरी गंमत वेगळी आहे. सर एक नाहीत, दोन आहेत. सकाळी सहाची बॅच नीटची आणि संध्याकाळी साडेपाचची सीईटीची. नीटला १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर आलं तर ४ मिळतात, चुकलं तर १ कापून घेतात. सीईटीत चुकलं तर कापत काही नाहीत. त्यामुळे नीटच्या पोरांना शिकवायचं, "खात्री नसेल तर सोड," आणि सीईटीच्या पोरांना, "काहीही येत नसलं तरी ठोक." वर्षानुवर्षं रोज सकाळ-संध्याकाळ हे दोन उपदेश करून सरांच्या स्वभावाचे दोन तुकडे पडले आहेत, आणि ते घड्याळाच्या काट्यावर पडले आहेत.

सकाळी साडेआठला ते खाली उतरतात तेव्हा मी विचारतो, "सर, आज पाऊस येईल काय?"

सर आभाळाकडे बघतात. ढग पंचगंगेपर्यंत टेकलेले असतात. "सांगता येत नाही," म्हणतात. "दोन पर्याय जवळजवळचे वाटतायत. सोडून देऊ."

संध्याकाळी, ऊन रखरखत असताना, तोच प्रश्न.

"येणार. ६ वाजून १० मिनिटांनी. छत्री घ्या."

पाऊस येत नाही. सरांना त्याचं काही वाटत नाही. कापलं काहीच गेलेलं नसतं.

आमच्या हिनं हे माझ्या आधी ओळखलं. भाडं वाढवायचा विषय ती संध्याकाळीच काढते. सकाळी विचारलं तर सर म्हणतात, "वहिनी, विचार करून सांगतो." संध्याकाळी ठोकून मोकळे होतात. आमच्या दोन खोल्यांचा रंग या युक्तीवर झालेला आहे.

माझं स्वतःचं मत असं आहे की कोल्हापूरचा माणूस जन्मतःच सीईटीचा असतो. दसरा चौकात उभं राहून कुणालाही कुठलाही पत्ता विचारून बघा. "मला माहीत नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणार नाही. "सरळ जावा, पापाच्या तिकटीला डावीकडं वळा" असं छातीठोक सांगितलं जाईल, मग तुम्ही विचारलेलं ठिकाण सांगलीत का असेना. प्रश्न कोरा सोडणं आमच्याकडं अपमानाचं समजतात. अशा गावात नीटचा क्लास चालवायचा म्हणजे म्हशीला मुरडत चालायला शिकवण्यासारखं आहे. पहिल्या चाचणीत पोरं १८० च्या १८० प्रश्न सोडवून येतात आणि उणे गुण घेऊन छाती फुगवून बसतात. एका मुलीला सरांनी विचारलं, "हे २२ प्रश्न येत नव्हते ना? मग सोडले का नाहीस?" ती म्हणाली, "सर, मी एक सोडलो होतो की. पण मग कसंतरीच वाटलं म्हणून परत केलो."

नीटच्या एका नियमाचा मात्र सरांना फार अभिमान आहे. परीक्षेला बूट घालून जाता येत नाही, चप्पल चालते. "बघा," ते जिन्यातल्या ढिगाकडं हात करून म्हणतात, "अख्ख्या देशाला शेवटी आमच्यासारखं पायताणावर यावं लागलं." ढिगात खरं कोल्हापुरी पायताण एकही नसतं, सगळी रबराची, भोकं पाडलेली. मी ते त्यांच्या नजरेला आणत नाही. सकाळ असेल तर ते विचारात पडतील.

दुसरा अभिमान जखमेचा आहे. लातूरचं नाव काढलं की सरांचा चेहरा पडतो. लातूर पॅटर्न ज्या कॉलेजांमुळं महाराष्ट्रभर गाजला त्यांतलं एक मोठं नाव म्हणजे तिथलं राजर्षी शाहू महाविद्यालय. "महाराज कुणाचे?" सर टेबलावर डस्टर आपटतात. "१९०१ साली इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं कुणी? त्यानंतर जातीजातीच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली कुठं? खेड्यातलं पोरगं शहरात आणून, जेवू-खाऊ घालून शिकवायचं, हा पॅटर्न कुठला? आणि नाव कुणाचं झालं?" मग आवाज खाली आणून म्हणतात, "आमचीच दोन पोरं गेल्या वर्षी तिकडं गेली." तेवढ्यानं ते गप्प होतात.

जूनमध्ये पालक येतात. गारगोटी, राधानगरी, शाहूवाडी, पार चंदगडपर्यंतचे. टोपी मांडीवर, फायलीत डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, जातपडताळणी, आणि चेहऱ्यावर पोराच्या मार्कांपेक्षा कागदांचीच धास्ती जास्त. या माणसांशी बोलताना सर मला सर्वांत आवडतात. ऑप्शन फॉर्ममध्ये कुठलं कॉलेज वर टाकायचं, कुठली सीट फ्रीज करायची हे ते एका माणसाला चार-चार वेळा सांगतात आणि घड्याळाकडं बघत नाहीत. एकदा मी चहा घेऊन वर गेलो होतो, तेव्हा राधानगरीकडचे एक काका विचारत होते.

"सर, पोराला ९१ पडलं म्हणतंय. आनि तुमी म्हणताय इंजिनेरिंगला अवघड हाय. दहावीला ८८ पडलं तवा आमी पेढं वाटलं की वो."

"ते टक्के होते काका. हे पर्सेंटाइल आहे."

"त्यात काय फरक?"

सर क्षणभर थांबले. "म्हशी किती?"

"चार."

"संस्थेत दूध घालता. फॅट किती लागते?"

"सातच्या आसपास."

"ती फॅट म्हणजे टक्के. तुमच्या दुधात काय आहे ते यंत्रानं सांगितलं, शेजाऱ्याच्या दुधाशी त्याचा संबंध नाही. आता समजा, संस्थेत १०० जण दूध घालतात. त्यातल्या ९१ जणांची फॅट तुमच्याइतकी किंवा तुमच्यापेक्षा कमी लागली. तर तुमचं पर्सेंटाइल ९१."

काकांनी बराच वेळ विचार केला. ५४ सेकंद कधीच उलटून गेले होते. मग डोळे लकाकले.

"म्हंजे आमचं दूध पातळ असलं तरी चालतंय?"

"चालतंय."

"फकस्त बाकीच्यांचं जादा पातळ पायजे."

"बरोबर."

"आनि सकाळचं दूध येगळं, सांजचं येगळं?"

इथं सर खुर्चीतून उठले. सीईटी कित्येक दिवस, रोज दोन सत्रांत चालते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा आणि पर्सेंटाइल त्या त्या सत्रातल्या मुलांतच काढतात, ही गोष्ट शहरातल्या शिकलेल्या आईबापांना समजावताना त्यांचा घसा बसतो. काकांनी ती स्वतः होऊन विचारली होती. "हे आता पुढच्या वर्षीपासून मी असंच शिकवणार," ते मला जिन्यात म्हणाले, आणि खरोखरच त्या वर्षीपासून फळ्यावर म्हैस आली.

सर स्वतः १९८५ साली बारावी झाले. तेव्हा इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर होता. दोनच वर्षं आधी, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडून दिलं होतं. "सरकारी कॉलेजला मार्क कमी पडले," सर सांगतात, "आणि खासगीला वडिलांचा ऊस कमी पडला." मग बी.एस्सी., शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी., आणि मग हे. म्हणजे ज्या माणसानं हजारो पोरांना प्रवेश परीक्षेत बसवलं तो स्वतः एकाही प्रवेश परीक्षेला बसलेला नव्हता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, पण त्यांच्या स्वतःच्या लक्षात होतं.

गेल्या वर्षी त्यांनी गुपचूप सीईटीचा फॉर्म भरला. वयाची अट नाही. घरी सांगितलं नाही, क्लासमध्ये तर नाहीच. केंद्र मुद्दाम लांबचं घेतलं. तिथं गेटवरच्या माणसानं हात आडवा धरला, "पालकांनी बाहेर थांबायचं." सरांनी हॉल तिकीट दाखवलं. त्यानं फोटो बघितला, सरांना बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि म्हणाला, "काका, जिद्द हाय तुमची." शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या मुलीनं तर जाता जाता त्यांना धीर दिला, घाबरू नका म्हणून.

हे सगळं त्यांनी मला यंदाच्या एप्रिलात सांगितलं, जिन्यात, संध्याकाळी साडेपाचला. मुद्दाम संध्याकाळ नोंदवतो, कारण या वेळी सर कुठलाही प्रश्न सोडत नाहीत.

"मग किती पडले?" मी विचारलं.

सर पायरीवर बसले. वर पोरं जमली होती, कुणीतरी फळ्यावर म्हशीला शिंगं काढत असावं, हसण्याचा आवाज येत होता.

"भौतिक, रसायन वेळेत झालं," ते म्हणाले. "गणितात शिडी आली."

"कसली शिडी?"

"नेहमीचीच. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलीय. खालचं टोक भिंतीपासून ३ मीटरवर आहे आणि सेकंदाला २ मीटर वेगानं लांब सरकतंय. तर वरचं टोक किती वेगानं खाली येतंय? पायथागोरसनं भिंतीवरची उंची ४. तीन दुणे सहा, भागिले चार, दीड. माझं पोरगं २० सेकंदांत टिक करून पुढं जातंय. ३० वर्षं मीच शिकवलंय."

"मग?"

"मीही दीड टिक केलं. पण नजर हटेना. मनात आलं, शिडी पुढं सरकत राहिली तर? उंची १ मीटर राहील तेव्हा वेग जवळजवळ १० होतो. अर्धा मीटर राहिली तर जवळजवळ २०. आणि जमिनीला टेकायच्या क्षणाला, मालक, सूत्रानं वेग अनंत येतो. अनंत! माझ्या सासऱ्यांची नारळाची शिडी पडली होती, तिला काय अनंत वेग आला होता?"

"नव्हता?"

"कसा येईल? म्हणजे कुठंतरी शिडी भिंत सोडत असली पाहिजे. कुठं सोडते? हे ३० वर्षांत एका पोरानं विचारलं नाही, आणि मी विचारू दिलं नाही. तिथंच रफ कागदावर मांडत बसलो."

त्यांनी खिशातून खडू काढला आणि आमच्या चौथ्या पायरीवर भिंत काढली, जमीन काढली, तिरकी रेघ ओढली. रेघेच्या मध्यावर एक टिंब आणि त्यातून खाली बाण. पायताणं बाजूला सारून खालच्या पायरीवर समीकरणं उतरू लागली. मला बी.कॉम.ला गणित नव्हतं, तरी मी माना डोलावत होतो.

वर टायमर वाजला. कुणीतरी तो बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. एक पोरगं जिन्याच्या वळणावर येऊन वाकून बघून गेलं, मग दोन आली, मग दहा-बारा पोरं कठड्याला रेलून सरांच्या डोक्यावरून पायरीकडं बघत उभी राहिली.

"सर," त्यातलं एक घड्याळ दाखवत म्हणालं, "वेळ संपली."

"थांब रे," सर वर न बघता म्हणाले, "अजून घर्षण धरलेलंच नाही."