घरबसले परीक्षक

आदिलाबादेत घरी सिनेमा पाहणारा माणूस प्रेक्षक म्हणून सोफ्यावर बसतो आणि समीक्षक होऊन उठतो. पैनगंगेच्या अलीकडच्या या जिल्ह्यात मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी एकाच टपरीवर चहा पितात. त्यामुळे एका सिनेमाला चार भाषांत नावं ठेवायची सोय आहे.

‘आरआरआर’ (२०२२) घरोघर पाहिला गेला: तीन तासांत दोन जेवणं, एक डुलकी आणि असंख्य फोन. मग निकाल लागला, ‘इतिहासाची वाट लावली!’ अल्लुरी सीताराम राजू १९२४ मध्ये मारले गेले, कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटच्या लढ्यात पडले. पडद्यावरची दोघांची मैत्री कल्पित आहे, हे दिग्दर्शक राजामौलींनी कधी लपवलं नाही. पण इतिहासाची सर्वांत जास्त काळजी कोणाला? जोडेघाट आपल्या जिल्ह्यातून २०१६ मध्येच आसिफाबादकडे गेलं, हे ज्यांना अजून माहीत नाही त्यांना.

२०१६च्याच ‘सैराट’मध्ये आर्ची-परश्या पळून हैदराबादला जातात. जातीवर बोलायला नको म्हणून इथे बरेच जण आर्चीच्या तेलुगू उच्चारांवर बोलतात. ‘शेवट सांगत नाही हं, पण त्या लहान बाळाकडे बघवत नाही,’ एवढं सांगून थांबण्याचा संयमही दाखवतात.

वर सल्ला, ‘बघाच!’ स्वतःचे तीन तास गेल्यावर शेजाऱ्याचेही घालवल्याशिवाय चैन पडत नाही. यालाच शिफारस म्हणतात.